आंबोली : धबधब्यापलीकडची

थंड हवेचे ठिकाण म्हणजे घाट चढून वर जायचे, ही आपली शाळेपासूनची समजूत. आंबोलीच्या बाबतीत ती कोकणातल्या माणसाला लागू पडते, आपल्याला नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि आंबोली सातशेच्या थोडी आतच. म्हणजे काकतीहून आंबोलीला निघालेले कुटुंब हिशेबाने खालीच उतरत असते! हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी, कानूर असे बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने जाताना भाताची खाचरे, काजूची झाडे, मधूनच नाचणीची शेते दिसतात. मग हवा ओलसर होते, धुके येते आणि आंबोली आलेली असते. खरा घाट लागतो तो आंबोली सोडून सावंतवाडीकडे निघाल्यावर. निपाणीकर संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असे जातात, त्यांचाही अनुभव वेगळा नाही. आपण पठाराच्या शेवटच्या काठाशी येऊन उभे राहतो, एवढेच.

या रस्त्याला जुना इतिहास आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या लष्करी छावणीकडे याच वाटेने यायचा. इंग्रज अमदानीत या वाटेवरचा एक मुक्काम म्हणून आंबोली नावारूपाला आली. पुढे सावंतवाडी संस्थानाचे हवा खाण्याचे ठिकाण झाली. महाबळेश्वरसारखी मोठी बाजारपेठ तिथे कधी झाली नाही, आणि माझ्या मते तेच तिचे भाग्य.

मात्र आपल्या भागातल्या कुटुंबांचे आंबोलीशी असलेले नाते रस्त्यापेक्षाही पाण्याचे आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि पहिल्याच काठावर रिते होतात. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेच ढग बेळगावपर्यंत येतात तेव्हा त्यांच्यापाशी तेराशे मिलिमीटरच उरलेले असतात, आणि अथणीला पोहोचेपर्यंत सहाशेच्या घरात. आंबोलीच्या कड्यावरून पश्चिमेला सांडलेले पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते, तो जवळचा मार्ग. पूर्वेला पडलेले पाणी मात्र हिरण्यकेशी होऊन आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असे येते, घटप्रभेला मिळते, गोकाकच्या धबधब्यावरून उडी घेते आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते.

माझ्या सासूबाई गोकाककडच्या. आंबोली त्यांनी साठी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिली. धुक्यात उभ्या राहून त्या एवढेच म्हणाल्या, "म्याल मळी, केळग होळी." वर पाऊस, खाली नदी. (आमच्या धाकट्याला वाटले, आज्जी शिमग्याबद्दल बोलते आहे!) २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाकमध्ये नदीचे पाणी शिरले तेव्हा ज्यांचे नातेवाईक तिथे होते, त्यांना या चार शब्दांचा अर्थ वेगळा समजवायला नको.

आता आपण तिथे जाऊन करतो काय? जुलै-ऑगस्टच्या रविवारी सकाळी निघायचे, घाटातल्या मोठ्या धबधब्यापाशी गाड्यांच्या रांगेत दोन तास काढायचे, पायऱ्यांवरच्या गर्दीत भिजायचे, कणीस आणि भजी खायची, माकडांना वेफर्स टाकायचे आणि अंधार पडायच्या आत परत. मोबाईलमध्ये फोटो असतात, पण त्या फोटोत आंबोली कुठे दिसत नाही, माणसेच दिसतात. धबधब्यात भिजू नये असे माझे म्हणणे नाही. मुलांना त्यात जो आनंद होतो तो मीही पाहिला आहे. पण पाऊणशे-ऐंशी किलोमीटर जाऊन एवढेच पाहायचे असेल तर ती सहल फार महाग पडते.

आणि कधीकधी जिवाने महाग पडते. २०१७ च्या जुलैअखेरीस कावळेसादच्या कड्यावरून दोन तरुण दरीत गेले. त्याची चित्रफीत तेव्हा घरोघर फिरली आणि पाहणाऱ्यांनी हळहळून पुढे पाठवली. २०२२ च्या नोव्हेंबरात, पावसाळा संपल्यावर, आपल्या अगदी जवळच्या किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार तरुणी बुडाल्या. ही दुसरी घटना मी वर्गात पुन्हा पुन्हा सांगते, कारण पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असे मुलांना वाटते. शेवाळलेला खडक नोव्हेंबरातही तितकाच निसरडा असतो आणि धबधब्याखालचा डोह वरून किती खोल आहे ते कळत नाही. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट असते. आपण उभे असतो तिथे ऊन असले तरी वरच्या रानात पाऊस कोसळत असतो. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, की कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता मुलांना घेऊन काठावर यायचे. फोटो राहिला तर राहिला.

कावळेसाद पाहूच नये का? जरूर पाहावे, पण कठड्याच्या आतून. तिथे दरीतून वर येणारा वारा इतका जोरदार असतो की कड्यावरून पडणारे पाणी खाली न जाता उलटे उडून आपल्याच तोंडावर येते. हा चमत्कार पाहायला कठड्यापलीकडे जावे लागत नाही, आणि बाटली उघडावी लागत तर मुळीच नाही. तिथल्या गवतात फुटलेल्या काचा पाहिल्या की वाटते, एवढ्या लांब दारू पिण्यासाठी यायचे तर गावातली गल्ली काय वाईट होती!

आंबोली खऱ्या अर्थाने उलगडते ती रात्री. म्हणून माझा पहिला आग्रह असा की एक मुक्काम करावा, तोही शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. घरगुती राहण्याजेवण्याची सोय गावात मिळते, आणि रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन रान दाखवणारे माहितगार स्थानिक तरुणही भेटतात. त्यांच्याबरोबरच जावे, एकट्याने नव्हे. जूनच्या पहिल्या पावसानंतर रानात जो आवाज उठतो तो ऐकल्याशिवाय कळायचा नाही. टकटक, किर्रकिर्र, मधेच कुणी दारावर बोट वाजवावे तसा ठोका. त्यातले निम्मे आवाज बेडकांचे.

इथे आमच्या घरातला एक गोंधळ सांगते. मराठीत कप्पी म्हणजे विहिरीवरची चाकाची कप्पी, आणि आमच्या सासूबाईंच्या कन्नडमध्ये कप्पी म्हणजे बेडूक. "कप्पी बघायला चला" म्हटल्यावर मुले विहीर शोधू लागली होती. झाडावर बसलेला हिरवागार, पायाच्या बोटांमध्ये नारिंगी पडदे असलेला उडता बेडूक दिसला तेव्हा विहीर सगळे विसरले. हा बेडूक फांदीवरून झेपावताना ते पडदे पसरतो आणि तरंगत खालच्या फांदीवर उतरतो. मादी पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करते, अंडी त्यात घालते, आणि पिल्ले बाहेर पडली की अलगद खालच्या पाण्यात गळतात.

त्याहून मोलाचा प्राणी मात्र दिसायला अगदी साधा आहे. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला एक छोटा भेक, त्याचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झाले आणि त्याला 'आंबोली टोड' म्हणतात. हा जवळजवळ आंबोलीच्या परिसरापुरताच मर्यादित आहे आणि जगातल्या अतिधोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. जांभ्या दगडाच्या सड्यावर पहिल्या पावसात जी ओंजळभर पाण्याची डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. आपली गाडी सड्यावर नेऊन चिखलात गोल फिरवण्याची हौस ज्यांना आहे, त्यांच्या चाकाखाली काय जाते ते त्यांना माहीत नसते. रात्रीच्या पावसात रस्त्यावरही असंख्य बेडूक येतात. म्हणून अंधार पडल्यावर आंबोलीच्या हद्दीत गाडी अगदी सावकाश चालवावी, किंवा चालवूच नये.

रात्रीच्या फेरीचे काही साधे शिष्टाचार आहेत. अंगाला डासांचे मलम लावलेल्या हाताने बेडकाला शिवायचे नाही. बेडकाची कातडी पाण्याबरोबर औषधही शोषून घेते आणि ते त्याला बाधते. खरे तर कशालाच शिवायचे नाही, कारण झुडपातल्या हिरव्या वेलीसारखा दिसणारा वेटोळा चापडा साप असू शकतो आणि तो विषारी आहे. आधाराला फांदी धरण्यापूर्वी तिच्यावर टॉर्च मारायचा. पायांत बंद बूट हवेत. जळवा तर लागणारच. त्यासाठी माणसे मोज्यांना तंबाखूचे पाणी लावतात. निपाणीकरांना तंबाखू कुठे मिळते ते सांगायला नको.

सकाळी हिरण्यकेशीला चालत जावे. गावापासून पाचेक किलोमीटर आहे. ज्यांना एवढे झेपत नाही त्यांनी गाडीने जवळ जाऊन शेवटचा भाग तरी पायी करावा. गुहेतून पाणी बाहेर येते, समोर देवालय आणि कुंड. ज्या नदीवर खाली संकेश्वरची आणि गोकाकची माणसे जगतात ती इथे पायाच्या घोट्याएवढी असते, हे मुलांना दाखवण्यासारखे दुसरे दृश्य नाही. याच कुंडात माशाची एक नवी जात सापडली. २०२० मध्ये तिला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. देवाच्या भीतीने आजवर कुंडात कुणी जाळे टाकले नाही म्हणून मासा टिकला, असे म्हणायला माझी हरकत नाही. पण आता साबण लावून पाय धुणाऱ्यांना देवाची भीती वाटेनाशी झाली आहे, त्यांना आपणच सांगायला हवे.

जाता-येता नांगरतास लागतो. अरुंद, खोल घळीत पाणी असे कोसळते की पायाखालचा पूल थरथरल्यासारखा वाटतो. दहा मिनिटांत पाहून होते. महादेवगडावरून धुके नसेल तर कोकण दिसते, असेल तर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही नाही. धुक्यात तासभर थांबून पाहा, एखादेवेळी पडदा दोन मिनिटांसाठी बाजूला होतो.

मला विचाराल तर आंबोलीला जाण्याचा उत्तम काळ सप्टेंबरचा उत्तरार्ध. गर्दी ओसरलेली असते, पाऊस सरींवर आलेला असतो आणि चौकुळकडच्या सड्यांवर फुले येतात. तेरडा, सोनकी, आणि गवतात वाकून पाहिल्यावर दिसणारी निळसर सीतेची आसवे. ही शेवटची वनस्पती आपल्या मुळाजवळच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म किडे पकडून खाते, हे सांगितल्यावर सातवी-आठवीतली मुले मोबाईल खिशात घालून गुडघ्यावर बसतात. सड्यावर मळलेल्या पायवाटेनेच चालावे. फुलांत बसून फोटो काढायचा मोह आवरावा.

ज्यांनी गेली दहा वर्षे जिन्याखेरीज काही चढलेले नाही त्यांनी एकदम आंबोलीत पाच किलोमीटर चालायला जाऊ नये. आधी आपल्या काकतीचा डोंगर दोन-चार वेळा चढावा. राणी चन्नम्मांचे माहेर म्हणून बाहेरची माणसे गावाचे नाव घेतात, पण गावामागच्या गडावर जाणारे आपल्यात किती? पहाटे चढून, वर थोडे बसून, कामाच्या वेळेआधी घरी येता येते. घरातल्या कुणाला दम लागतो आणि कोणाचा बूट चावतो ते इथेच कळलेले बरे.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. छत्री घेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. प्रत्येकाला रेनकोट आणि कोरड्या कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. मोबाईलची रेंज धुक्यात भरवशाची नसते, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते गाडीतून उतरतानाच ठरवा. टॉर्च माणशी एक. भाकरी, शेंगाचटणी आणि सासूबाईंच्या हातच्या शेंगाहोळिगे डब्यात असल्या की वाटेत थांबावे लागत नाही, आणि रिकामे डबे घरी परत येतात, दरीत जात नाहीत. पेट्रोल बेळगावातच भरा. घाटात दरड आल्याची बातमी असेल तर आंबोलीच्या पुढे उतरू नका, आपल्या कामाचे सगळे घाटाच्या अलीकडेच आहे.