नव्याण्णव सेंटची सतरा वर्षं

१० जुलै २००८ रोजी ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, तेव्हा त्यात जेमतेम पाचशे ॲप्स होती आणि अट सोपी होती. वर्षाला ९९ डॉलर भरा, ॲप बनवा, किंमत तुम्हीच ठरवा. विक्रीतले सत्तर टक्के तुमचे, तीस आमचे. आज याच तीस टक्क्यांवरून देशोदेशी कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो की त्या वेळी एकट्यादुकट्या प्रोग्रामरला हा वाटा उदार वाटला होता. त्याआधी मोबाइलवर काही विकायचं तर टेलिफोन कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागे, आणि हाती काय पडेल ते त्या ठरवत.

पहिल्या काही महिन्यांत ज्या कहाण्या पसरल्या, त्यांनी एका अख्ख्या पिढीला कामाला लावलं. स्टीव्ह डेमेटरच्या ‘ट्रिझम’ या पाच डॉलरच्या कोडेखेळाने दोन महिन्यांत अडीच लाख डॉलर मिळवले. ईथन निकोलस हा सन मायक्रोसिस्टिम्समधला इंजिनिअर रात्री एका हातात बाळ धरून दुसऱ्या हाताने कोड लिहायचा. त्याचा ‘आयशूट’ हा रणगाड्यांचा खेळ आधी फारसा खपला नाही. जानेवारी २००९मध्ये त्याने त्याची एक छोटी, फुकट आवृत्ती काढली आणि मूळ खेळ यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. एका दिवसात सदतीस हजार डॉलर आले. त्याने नोकरी सोडली. ही बातमी वाचून पुण्या-बंगळुरूतही किती जणांनी मॅकबुकचा हप्ता बांधून घेतला असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

या कहाण्या खऱ्या होत्या. पण त्याच काळात एक गोष्ट बिघडत होती, आणि माझ्या मते पुढच्या सतरा वर्षांची सगळी ओढाताण तिथूनच सुरू झाली. स्टोअरची यादी डाउनलोडच्या संख्येवर लागत असे, मिळकतीवर नाही. वर चढायचं तर किंमत उतरवायची. पाच डॉलरचं ॲप तीनवर आलं, तीनचं ९९ सेंटवर. ‘आयकनफॅक्टरी’ या ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या क्रेग हॉकनबेरीने डिसेंबर २००८मध्येच स्टीव्ह जॉब्सला उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं: किंमत ९९ सेंट असेल, तर आम्ही सहा-सहा महिने खपून काही मोठं बनवणार नाही, झटपट होणाऱ्या चिल्लर गोष्टीच बनवू. सप्टेंबर २००९मध्ये मिळकतीनुसार लावलेली वेगळी यादी आली खरी, पण तोवर ग्राहकाच्या मनात किंमत ठरून गेली होती.

त्यात भर म्हणजे दुकानात दोन साध्या सोयी नव्हत्या. विकत घेण्याआधी वापरून बघायची सोय नव्हती, आणि जुन्या ग्राहकाकडून नव्या आवृत्तीचे पैसे घ्यायची सोय नव्हती. संगणकावरच्या सॉफ्टवेअरचा धंदा याच दोन खांबांवर उभा होता. इथे मात्र एकदा ९९ सेंट दिले की जन्मभराची अद्ययावत आवृत्ती फुकट, असा हिशेब झाला. शिवाय दरवर्षी नवा आयफोन, नवी प्रणाली, अधूनमधून पडद्याचं नवं माप. ॲप आहे तसं चालतं ठेवायलाच महिनोन्‌महिने जात. ‘टॅपबॉट्स’ या छोट्या चमूने २०१३मध्ये ट्विटर वाचायचं आपलं ‘ट्वीटबॉट’ नव्याने लिहून वेगळं ॲप म्हणून तीन डॉलरला आणलं, तर वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास ते वापरणारे लोक चिडले. तीन डॉलरसाठी! ग्राहकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला तसंच शिकवलं गेलं होतं.

मग ॲप विकून मिळत नव्हते ते पैसे इतर वाटांनी यायला लागले. ॲपच्या आत खरेदीची सोय २००९मध्ये आली, सुरुवातीला फक्त विकतच्या ॲप्समध्ये आणि ऑक्टोबरपासून फुकटच्या ॲप्समध्येही. जाहिरातींसाठी ‘ॲडमॉब’ होतंच. २००९च्या नोव्हेंबरात गूगलने ती कंपनी ७५ कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. भारतातल्या अँड्रॉइड डेव्हलपरला तर दुसरा मार्गच नव्हता. अँड्रॉइडवर खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागत, पण सुरुवातीची काही वर्षं भारतात बसून विकतचं ॲप टाकताच येत नसे. म्हणून आपल्याकडचे आरतीसंग्रह, पाढे, पंचांग, रेल्वेचं वेळापत्रक हे सगळं तळाशी एक जाहिरातपट्टी लावून फुकट आलं. ॲडमॉबकडून पैसे निघायला शंभर डॉलर साठावे लागतात. भारतीय वाचकाला दाखवलेल्या जाहिरातीचा दर अमेरिकी वाचकाच्या दरापुढे किरकोळ असल्यामुळे, छोट्या मराठी ॲपचे शंभर डॉलर पुरे व्हायला बराच वेळ लागे. मराठीत चांगली, जोपासलेली ॲप्स इतकी कमी का, याचं मोठं उत्तर या दरफरकात आहे. गूगलने २०१५मध्ये भारतातली किमान किंमत दहा रुपयांवर आणली, पण दहा रुपये द्यायलाही स्टोअरला चालणारं कार्ड लागत होतं, आणि ते फार थोड्यांकडे होतं.

जाहिरातीने कुणी श्रीमंत झालंच नाही असं नाही. हनोईच्या डाँग न्यूएनने मे २०१३मध्ये टाकलेला ‘फ्लॅपी बर्ड’ आठ महिने कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २०१४च्या जानेवारीत तो जगभर पहिला आला आणि रोज सुमारे पन्नास हजार डॉलर जाहिरातीतून येऊ लागले. लोकांना त्याचं व्यसन लागतंय, असं म्हणत फेब्रुवारीत त्याने तो स्वतःच काढून घेतला. आपल्या जवळचं उदाहरण नवी मुंबईच्या गेमशनचं. २०१६मध्ये आलेला ‘लुडो किंग’ आधीच लोकप्रिय होता, आणि २०२०च्या टाळेबंदीत घराघरात तोच उघडला गेला. पण एवढी गर्दी जमली तरच जाहिरात पोसते. दोन-पाच हजार लोकांच्या खऱ्या गरजेचं काम करणाऱ्या ॲपला ती पोसत नाही.

आणि गर्दीच्या खेळात कष्टाला संरक्षण नाही. ‘थ्रीज’ हा आकडे जुळवायचा खेळ तिघांनी चौदा महिने घासूनपुसून फेब्रुवारी २०१४मध्ये विकायला आणला. महिनाभरात एका एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने शनिवार-रविवारात ‘२०४८’ लिहून वेबवर फुकट, खुल्या कोडसह ठेवला. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्या कोडवरून बनलेल्या जाहिरातवाल्या नकलांनी ॲपल आणि गूगलची दोन्ही स्टोअर भरून गेली. ‘थ्रीज’च्या कर्त्यांनी आपली चौदा महिन्यांची ईमेल जाहीर केली, कुठला नियम का टाकला, कुठला का ठेवला हे दिसावं म्हणून. ती वाचताना आजही जीव तुटतो.

खरं वळण आलं जून २०१६मध्ये. ॲपलने सबस्क्रिप्शनची सोय सगळ्या प्रकारच्या ॲप्सना खुली केली आणि ग्राहक वर्षभर टिकला तर पुढे आपला वाटा तीसवरून पंधरा टक्क्यांवर आणला. वर्षानुवर्षं काम करायचं तर वर्षानुवर्षं पैसे यायला हवेत, ही गोष्ट आठ वर्षांनी मान्य झाली. लाइपझिगच्या ‘युलिसिस’ या लेखनाच्या ॲपने ऑगस्ट २०१७मध्ये सबस्क्रिप्शन सुरू केलं, तेव्हा शिव्यांचा पाऊस पडला. ते ॲप आजही नियमित सुधारलं जातं. ९९ सेंटच्या काळातली कितीतरी ॲप्स नव्या फोनवर उघडतही नाहीत.

पैसे मागण्याच्या रीती एकाच माणसाने एकामागून एक कशा तपासल्या, हे बघायचं तर मार्को आर्मेंटचं पॉडकास्ट ऐकण्याचं ‘ओव्हरकास्ट’ बघावं. २०१४मध्ये ॲप फुकट आणि उत्तम सोयी पाच डॉलरला. मग त्याच्या लक्षात आलं की बहुतेक लोक त्याचं अर्धवटच ॲप वापरतायत; म्हणून २०१५मध्ये सगळं खुलं केलं आणि इच्छा असेल त्याने महिन्याला एक डॉलर द्यावा असं सुचवलं. ते पुरलं नाही. २०१६मध्ये जाहिराती आल्या, आणि नको असतील तर वर्षाला दहा डॉलर. पुढे बाहेरच्या जाळ्यातल्या जाहिराती त्याला पटेनात, तर त्याने स्वतःच पॉडकास्टच्या जाहिराती विकायला सुरुवात केली: ऐकणाऱ्याला कामाच्या, पाळत न ठेवणाऱ्या. हे सगळं तो उघडपणे लिहीत-बोलत गेला. मला वाटतं, ग्राहक टिकले त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे.

सबस्क्रिप्शनची दुसरी बाजू २०२३मध्ये दिसली. वर्षाचे पैसे आधी घेतले की ते वर्ष आपण देणं लागतो. ‘अपोलो’ हे रेडिट वाचायचं ॲप ख्रिश्चन सेलिगने जवळपास एकट्याने उभं केलं होतं. रेडिटने माहिती पुरवण्याचा असा दर लावला की वर्षाला दोन कोटी डॉलर मोजावे लागले असते. ३० जूनला ॲप बंद झालं, आणि उरलेल्या महिन्यांचे सुमारे अडीच लाख डॉलर परत करायची वेळ आली. त्याच वर्षी जानेवारीत ट्विटरने दोर कापल्यावर ‘ट्वीटबॉट’ची तीच गत झाली होती. दोघांनीही ग्राहकांना विनंती केली: जमत असेल तर परतावा नाकारा. पुष्कळांनी नाकारला.

भारतात सबस्क्रिप्शनला वेगळी ठेच लागली. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी ग्राहकाला कळवणं आणि मंजुरीची नवी पद्धत पाळणं सक्तीचं झालं. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे, पण जुन्या परवानग्या एका रात्रीत निकामी झाल्या. २०२२मध्ये ॲपलने भारतीय कार्डं घेणंच थांबवलं. मात्र तोवर यूपीआय घरोघरी पोचलं होतं, आणि मराठी माणसाने ॲपसाठी वीस-पन्नास रुपये देणं पहिल्यांदाच सहज शक्य झालं.

स्टोअरच्या वाट्याचं म्हणाल, तर २०२१मध्ये दोन्ही स्टोअरनी वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत मिळवणाऱ्यांसाठी तो पंधरा टक्के केला. छोट्यांच्या बाजूने झालेला हा सगळ्यात मोठा बदल. ऑक्टोबर २०२२मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने गूगलला आपल्याच यंत्रणेतून पैसे घेण्याच्या सक्तीवरून ९३६ कोटींचा दंड ठोठावला. अपिलात तो मार्च २०२५मध्ये सुमारे २१६ कोटींवर आला. अमेरिकेत एपिक या गेम कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात एप्रिल २०२५च्या आदेशाने ॲपमधून बाहेरच्या दुकानाकडे नेणाऱ्या दुव्यांची वाट मोकळी केली. त्यावरही अपील झालं.

मोठ्या कंपन्यांना ही वाट फायद्याची आहे. नाशिकमध्ये बसून एकट्याने ॲप चालवणाऱ्याचं गणित निराळं पडतं. बाहेर पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवेचा खर्च त्याचा, परताव्याच्या तक्रारी त्याच्या, आणि फ्रान्समधल्या ग्राहकाने दिलेल्या दोन युरोंवरचा व्हॅट भरण्यासाठी युरोपात नोंदणीही त्यानेच करायची. स्टोअर हे सगळं त्या पंधरा टक्क्यांत करून देतं, आणि उरलेले पैसे थेट बँकेत येतात. त्याला तेच अजून परवडतं.