मातीचे राखणदार आणि त्यांचे वेतन

कोकणातील शेतकऱ्याच्या मनात एक जुनी श्रद्धा आहे. प्रत्येक शेताला, प्रत्येक बागेला एक राखणदार असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. परंतु वर्षाकाठी त्याला नारळ द्यावा लागतो, त्याचा मान ठेवावा लागतो. या श्रद्धेच्या तळाशी एक साधा व्यवहार आहे. जो राखण करतो, त्याला त्याचे देणे वेळेवर पोचले पाहिजे. ज्यांचे पूर्वज रत्नागिरी, सातारा आणि कोल्हापूरकडील आपली शेते मागे ठेवून मुंबईच्या बंदरातून मॉरिशसला आले, त्यांच्या वंशजांना हा व्यवहार नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

हाच प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेसारख्या बलाढ्य राष्ट्रापुढे निराळ्या रूपाने उभा राहिला. माती राखणारा शेतकरी केवळ स्वतःचे शेत राखतो, की साऱ्या समाजाचे काम करतो? आणि तो समाजाचे काम करीत असेल, तर त्याचे मोल कोणी द्यावे? या प्रश्नाला त्या देशाने दिलेले उत्तर, त्या उत्तरातील शहाणपण आणि त्यात राहून गेलेला अन्याय, ही तिन्ही अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला सोन्याचा भाव आला. अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या विस्तीर्ण मैदानांत, म्हणजे कॅन्सस, ओक्लाहोमा, कोलोराडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सासच्या उत्तर भागात, शतकानुशतके गवताने आपल्या मुळांत माती धरून ठेवली होती. ते गवत नांगराखाली गेले आणि त्या जागी गहू डोलू लागला. पुढे भाव कोसळले आणि १९३० नंतरच्या वर्षांत पाऊसही रुसला. उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ या रविवारी धुळीचा असा प्रचंड लोट उठला की, भर दिवसा काळोख झाला. तो दिवस ‘काळा रविवार’ या नावाने इतिहासात राहिला. घरात, विहिरीत, जनावरांच्या नाकातोंडात धूळ शिरली. हजारो कुटुंबे किडूकमिडूक गाडीत घालून पश्चिमेकडे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. जमीन होती, पण जमिनीत माती उरली नव्हती.

या संकटाची सूचना एका माणसाने बरीच आधी देऊन ठेवली होती. त्याचे नाव ह्यू हॅमंड बेनेट. १८८१ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. सरकारी मृदातज्ज्ञ म्हणून देशभर हिंडताना त्याने पाहिले की, मोठ्या घळी पडण्याच्या कितीतरी आधी पावसाचे पाणी शेताचा वरचा सुपीक थर पापुद्र्यासारखा हळूहळू सोलून नेत असते आणि शेतकऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. १९२८ साली त्याने सरकारी पुस्तिकेतून मातीची धूप हे राष्ट्रावरील संकट असल्याचे बजावले. १९३५ च्या वसंतात सेनेटच्या समितीपुढे तो साक्ष देत असतानाच, पश्चिमेकडून उडालेली धूळ थेट राजधानीच्या आकाशात आली, असे सांगतात. खिडकीतून दिसणाऱ्या त्या पुराव्यापुढे निराळ्या युक्तिवादाची गरज उरली नाही. २७ एप्रिल १९३५ रोजी कायदा झाला आणि कृषिखात्यात मृदासंधारणाचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. बेनेट त्याचा पहिला प्रमुख झाला.

बेनेटच्या कामाची पद्धत ध्यानात घेण्यासारखी होती. विस्कॉन्सिन राज्यातील कून व्हॅली या खोऱ्यात १९३३ पासून त्याच्या माणसांनी एक प्रयोग मांडला. खोरे डोंगराळ होते. शेतकरी उतारावर वरून खाली सरळ तास घालीत आणि पहिल्याच वळवाबरोबर माती ओढ्यात जाई. सरकारी माणूस प्रत्येक शेतकऱ्याबरोबर त्याच्या बांधावरून फिरला आणि त्या शेतापुरता आराखडा तयार झाला. उताराला आडवी नांगरणी, मका आणि गवत यांचे एकाआड एक पट्टे, डोंगरमाथ्यावर झाडी आणि त्या झाडीत गुरांना मज्जाव, असे त्याचे स्वरूप होते. शेतकऱ्याने तो पाळण्याचे वचन द्यायचे; सरकारने बियाणे, चुना, कुंपणाची तार आणि कामाला मजूर द्यायचे. चारशेहून अधिक शेतकरी या योजनेत सामील झाले. त्या खोऱ्यातील वळणदार पट्ट्यांची शेती आजही पाहावयास मिळते.

शेतकऱ्याला या कामासाठी रोख रक्कम देण्याची प्रथा मात्र आडवाटेने आली. १९३३ च्या कायद्यान्वये, भाव सावरावे म्हणून, पीक कमी घेणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार पैसे देत होते. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. तेव्हा कृषिमंत्री हेन्री वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा मार्ग शोधला. अवघ्या आठ आठवड्यांत, २९ फेब्रुवारी १९३६ रोजी, दुसरा कायदा मंजूर झाला. कापूस, मका, गहू, तंबाखू ही माती झिजविणारी पिके कमी करून त्या जागी गवत व द्विदल पिके लावणाऱ्या शेतकऱ्याला माती राखल्याबद्दल मोबदला मिळू लागला. प्रारंभीचा हेतू भाव सावरण्याचा होता हे खरे. तथापि बांध, ताली, आच्छादन पिके यांचा खर्च सरकारने वाटून घेण्याची जी रीत त्यातून रूढ झाली, ती १९९६ पर्यंत चालली आणि पुढे नव्या योजनांत विलीन झाली.

येथवरची कथा समाधानाची आहे. परंतु पैसा आला की तो कोणाच्या हाती पडतो, हे पाहिल्यावाचून कोणत्याही योजनेची परीक्षा पुरी होत नाही. दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात जमीन एकाची आणि घाम दुसऱ्याचा, अशी स्थिती होती. निम्म्या वाट्याने राबणारी कुळे, त्यांत गोरी होती तशीच काळीही, मालकाच्या दुकानाच्या वहीत कायम कर्जबाजारी असत. १९३३ च्या योजनेतील सरकारी रक्कम मुख्यतः मालकाच्या हाती पडली. पीक कमी केले म्हणजे कुळेही कमी लागणार, असा हिशेब करून अनेक मालकांनी कुळांना घराबाहेर काढले. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यात टायरोन्झा गावाजवळ अकरा गोरे आणि सात काळे पुरुष एकत्र जमले आणि त्यांनी कुळांचा संघ स्थापन केला. त्या काळी त्या मुलखात गोऱ्या-काळ्यांनी एका संघटनेत बसणे हेच मोठे धाडस होते. खुद्द कृषिखात्यातील काही वकिलांनी, करारातील शब्दांचा अर्थ कुळांना संरक्षण देणारा आहे, असे मत दिले. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच पदावरून दूर करण्यात आले. मातीची राखण करणारा हात आणि मोबदला घेणारा हात एकच असेल, अशी खात्री नसते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

आजच्या व्यवस्थेत दोन मार्ग ठळक आहेत. काही योजनांत जमीन दहा-पंधरा वर्षे पिकाखालून काढून गवताला किंवा झाडांना सोडली जाते आणि शेतकऱ्याला त्याचे भाडे मिळते. १९८५ ची योजना अशी आहे. दुसरा मार्ग चालत्या शेतीचा. जमीन पिकतच राहते, परंतु पिकविण्याची रीत बदलते. १९९६ च्या कायद्याने अशा कामांच्या खर्चात वाटा देणारी योजना निर्माण केली, तर २००८ च्या कायद्याने, जो शेतकरी आधीच जमीन नीट राखतो आणि आणखी सुधारणा करू इच्छितो, त्याच्याशी पाच वर्षांचा करार करून दरसाल रक्कम देण्याची योजना आजच्या रूपात आणली.

व्यवहार असा चालतो. शेतकरी जिल्ह्याच्या कृषिकार्यालयात अर्ज करतो. अधिकारी शेतावर येऊन उतार, माती, ओढा, गुरांची वाट, सारे पाहतो. मग आराखडा होतो, अर्जांना गुण दिले जातात आणि क्रम लागतो. अर्ज नेहमीच निधीहून अधिक असल्याने अनेकांना रिकाम्या हाताने परतावे लागते. निवड झाली की करार होतो. साधारण खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, आणि नव्या, अल्प साधनांच्या किंवा पूर्वी डावलल्या गेलेल्या शेतकऱ्यांना ९० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो, असा नियम २०१८ च्या शेतकी कायद्याखाली होता. परंतु मेख येथेच आहे. सामान्यतः काम आधी करायचे, अधिकाऱ्याने ते तपासायचे आणि पैसे मागाहून मिळायचे. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत त्याला हे सोपे; ज्याच्या गाठीला काही नाही त्याने बांध घालायचा तो कशाच्या बळावर? ही अडचण ओळखूनच गरीब व उपेक्षित शेतकऱ्यांसाठी निदान निम्मी रक्कम आगाऊ देण्याची तरतूद करण्यात आली.

सरकारी शब्दावर विसंबून आधी खर्च करणे किती जिकिरीचे असते, हे २०२५ च्या आरंभी दिसून आले. २०२२ च्या कायद्याने संधारणाच्या योजनांसाठी सुमारे १९५० कोटी डॉलर अधिक मंजूर केले होते. जानेवारी २०२५ मध्ये नवे प्रशासन येताच त्या निधीतील देणी थांबविण्यात आली. सही झालेले करार हाती असूनही अनेक शेतकऱ्यांवर स्वतः केलेल्या खर्चाची भरपाई केव्हा मिळणार, याची वाट पाहण्याची पाळी आली. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुमारे दोन कोटी डॉलरचा पहिला हप्ता मोकळा झाला. करारावर एक बाजू अंगठा उठविते आणि दुसरी बाजू आपल्या सवडीने तो पाळते, ही गोष्ट करारबद्ध मजुरांच्या वंशजांना अपरिचित नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. भूमी ही माता. मातेची सेवा करण्यासाठी पुत्राने वेतन घ्यावे काय? आक्षेपात भावनेचे सत्य आहे. परंतु हिशेब अपुरा आहे. शेतकऱ्याच्या बांधाचा लाभ त्याच्या शेताच्या हद्दीत थांबत नाही. आयोवाच्या शेतातून वाहून गेलेले खत मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात पोचते आणि दर उन्हाळ्यात तेथील पाण्याच्या विस्तृत पट्ट्यात माशांना प्राणवायू उरत नाही. शेतकऱ्याने ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखला, तर त्याचे पीक तेवढे घटते. लाभ मात्र खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्याला आणि दूरच्या कोळ्याला होतो. सर्वांचे हित आणि एकट्याचा खर्च, हा न्याय टिकाऊ नव्हे. म्हणून हे वेतन म्हणजे लाच नव्हे आणि भिक्षाही नव्हे. ते समाजाने फेडलेले ऋण आहे.

हे ऋण सर्वांना सारखे फेडले गेले नाही, हाही इतिहास आहे. १९२० साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते. २०२२ च्या शेतीगणनेत त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आत आली. सरकारी कर्जात भेदभाव झाल्याच्या त्यांच्या दाव्यात १९९९ साली तडजोड झाली. त्यांच्या मार्गात आणखी एक धोंड होती. आजोबांनी मृत्युपत्र केले नाही, जमीन साऱ्या वारसांच्या सामाईक नावावर राहिली, कसणाऱ्या नातवाजवळ स्वच्छ कागद नाही. मग कार्यालयात त्याची शेतकरी म्हणून नोंद व्हावी कशी? २०१८ च्या कायद्याने अशा वारसांना अन्य पुराव्यावर नोंद मिळण्याची वाट करून दिली. भाडेकऱ्याचीही गोष्ट तशीच. त्या देशातील सुमारे ३९ टक्के शेतजमीन भाड्याने कसली जाते, असे २०१४ च्या पाहणीत आढळले. कराराच्या मुदतीपर्यंत जमीन आपल्या ताब्यात राहील, हे भाडेकऱ्याला दाखवावे लागते आणि पक्क्या बांधकामाला मालकाची लेखी संमती लागते. उद्याची शाश्वती नसलेला माणूस परवाच्या मातीसाठी खर्च करीत नाही; हा दोष त्याच्या वृत्तीचा नसून त्याच्या स्थितीचा आहे.

या साऱ्याचा मॉरिशसशी संबंध कोणता, असे कोणी विचारील. या बेटावरील उसाच्या शेतांत आजही काळ्या दगडांच्या राशी उभ्या दिसतात. त्या ज्या हातांनी रचल्या, त्या हातांना मातीसाठी केलेल्या श्रमाचे वेगळे वेतन कोणी दिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे मळे तुकड्यांनी विकले जाऊ लागले, तेव्हा पै-पै साठवून कित्येक कुटुंबांनी एक-दोन एकर जमीन घेतली. तीच जमीन पुढे भावंडांत, चुलतभावंडांत विभागली गेली किंवा सामाईकच राहिली. २००६ ते २००९ या काळात युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरविला आणि त्यानंतर अनेक लहान बागायतदारांनी ऊस सोडला. सोडलेल्या उतारावर चक्रीवादळाचा पाऊस पडतो तेव्हा माती ओढ्यात आणि ओढ्यातून समुद्राच्या उथळ खाजणात उतरते. उसाचा पाला न जाळता सरींत पसरणे, उताराला आडव्या सऱ्या काढणे, नदीकाठची झाडी राखणे, ही कामे लहान बागायतदाराला ठाऊक आहेत. प्रश्न ज्ञानाचा नसून खर्चाचा आणि शाश्वतीचा आहे.

अमेरिकेच्या नव्वद वर्षांच्या अनुभवाचे सार तीन वाक्यांत सांगता येईल. मोबदला कसणाऱ्याच्या हाती पोचला पाहिजे. गरिबाला तो कामाच्या आधी मिळाला पाहिजे. आणि एकदा दिलेला शब्द सरकार बदलले म्हणून बदलता कामा नये. ही तीन पथ्ये पाळली गेली तेथे डोंगरउतारावरील माती जागेवर राहिली. मोडली गेली तेथे मातीबरोबर माणसेही वाहून गेली.

शेताच्या राखणदाराला नारळ देण्यात कुचराई झाली, तर तो रुसतो आणि शेत सोडून जातो, अशी जुनी समजूत आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या राखणदाराविषयी ज्याला जे वाटेल ते त्याने मानावे. परंतु डोळ्यांना दिसणारा राखणदार, जो पहाटे कोयता घेऊन शेतात उतरतो, तो एकदा शेत सोडून गेला की नारळाने परत येत नाही.