सही कोणाची, भरपाई कोणाची?

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटीत उभे राहिले की चहूबाजूंना इमारती दिसतात. इतका भार खांब पेलतील, हे कोणी ठरवले? विद्यार्थी बहुधा ‘बिल्डरने’ असे म्हणतील. वास्तविक हे काम संरचना अभियंत्याचे. बारा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजनच दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. त्यात माणसे, सामान, वारा व भूकंप यांचा भार मिळवून तो खांबांची जाडी व सळया ठरवतो आणि आराखड्यावर सही करतो.

ही सही कोणाची चालते? वास्तुविशारदांसाठी १९७२ साली केंद्रीय कायदा झाला. अभियंत्यांसाठी मात्र त्या वेळी तसा कायदा झाला नाही. नोंदणीचे काम मुख्यतः स्थानिक संस्थांकडे राहिले. पदवी व अनुभव पाहून महापालिका अभियंत्याचे नाव नोंदवते. वसई-विरारला महापालिका आली ती २००९ साली.

नोंदणी असूनही गणित चुकले तर? त्यासाठी व्यावसायिक दायित्व विमा असतो. प्रामाणिक चुकीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर अभियंत्याने द्यायची भरपाई विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीची नाही. स्कूटरच्या विम्यात अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का, हे पाहतात. येथे बहुधा भरपाईची मागणी आली त्या दिवशी तो चालू असावा लागतो. इमारत पन्नास वर्षे उभी राहते. म्हणून विम्याचे नूतनीकरण थांबले की संरक्षणही थांबते.

जिथे नियमच डावलले जातात, तिथे या दोन्ही व्यवस्था लंगड्या पडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. ती इमारत अनधिकृत असल्याचे महापालिकेने सांगितले. गेलेला जीव तर कोणताच विमा परत आणत नाही.

म्हणूनच तपासणी महत्त्वाची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. १९९५ साली राहती झालेली इमारत २०२५ मध्ये या नियमात आली. आपल्या विद्यार्थ्यांना एक गृहपाठ द्या: आपली इमारत किती वर्षांची? तपासणी झाली का? अहवालावर सही कोणाची, आणि नोंदणी क्रमांक आहे का?