41,318 फाइली, थुमामा ते मिरज

काकांची दोह्यातली नोकरी संपली होती. महिनाअखेरीला ते आणि काकू मिरजेला परतणार होते. अल थुमामातल्या त्यांच्या फ्लॅटमधलं फर्निचर विकून झालं होतं, भांड्यांचे खोके कार्गोनं गेले होते. राहिला होता तो एक काळा सीपीयू, विंडोज 7चा. मायक्रोसॉफ्टनं या विंडोजचे अपडेट जानेवारी 2020मध्ये बंद केले, तरी काका तो रोज लावत. त्यातली गाणी आता लॅपटॉपवर न्यायची होती. "41,318 फाइली आहेत," फोनवर ते म्हणाले होते. चाळीस हजारांच्या वर आहेत, असं सांगूनही भागलं असतं. शेवटच्या अठरापर्यंतचा आकडा ज्या माणसाच्या ओठांवर असतो, त्याला काम करताना पाहावं असं मला वाटलं.

त्यांच्या खिडकीतून थुमामाचं स्टेडियम दिसतं. इथले पुरुष डोक्यावरच्या रुमालाखाली गहफिया नावाची विणलेली टोपी घालतात. तिच्या आकारावरून इब्राहिम जैदा या कतारी वास्तुरचनाकारानं ते उभं केलं. 2022च्या विश्वचषकासाठीच्या त्याच्या आराखड्यात 40,000 प्रेक्षकांची सोय होती. "प्रत्येक खुर्चीवर एक गाणं बसवलं तरी माझी हजारभर उभी राहतील," काका म्हणाले.

त्यांनी सीपीयूची बाजूची पत्र्याची झाकणी काढली आणि तापलेल्या धुळीचा वास खोलीभर झाला. दोह्याची बारीक धूळ बंद खिडक्यांतूनही आत येते आणि पंख्याच्या पात्यांवर चिकटून बसते. काकांनी ती रंगाच्या ब्रशनं झाडली. याच यंत्रासमोर बसून त्यांनी शुक्रवारच्या सुट्ट्यांमध्ये आपल्या कॅसेट उतरवल्या. कॅसेट घाईनं उतरत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच द्यावी लागतात, आणि तेवढा वेळ माणूस ऐकत बसतो. हा संग्रह असा ऐकून झालेला आहे. म्हणून "बाबा, यूट्यूबवर सगळं आहे" हे त्यांच्या मुलाचं म्हणणं मला पटत नाही.

सगळं नाहीच मुळी. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937मध्ये त्यांना तिथेच दफन केलं, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गाणं होतं. खाँसाहेबांच्या तबकड्या आता कुठेही ऐकायला मिळतात, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. पण उरुसातल्या त्या रात्री नव्वदच्या दशकात लहानशा टेपरेकॉर्डरवर काकांनी धरून ठेवल्या, त्या काकांच्याच जवळ आहेत.

कॉपी रात्रभर चालली. सकाळी काकांनी नव्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडल्या, तर 41,301. सतरा कमी. काकूंनी पोहे पुढे ठेवले, त्यांनी हातही लावला नाही.

सतरांपैकी सोळांचं कारण तासाभरात सापडलं. फाइलचा पूर्ण पत्ता साधारण 260 अक्षरांपलीकडे गेला की विंडोज अडून बसते. काकांची फोल्डर घराणं, गायक, राग, साल अशी एकात एक, आणि सगळी त्यांनी "जुन्या संगणकावरचा संग्रह" नावाच्या आणखी एका फोल्डरात टाकली होती. ते वरचं नाव काढलं आणि सोळा गाणी आली.

पुढचा घोळ आकड्यात दिसणारा नव्हता. प्लेलिस्टमध्ये गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो. जुन्या यंत्रात गाणी डी ड्राइव्हवर होती, लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही. त्यामुळे प्लेलिस्ट उघडत होत्या आणि वाजत काहीच नव्हतं. तोवर काकूंसाठी गीतरामायण पेन ड्राइव्हवर घेऊन छोट्या स्पीकरला लावलं. 1955च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीनं वर्षभर ऐकवलेली माडगूळकर-फडक्यांची 56 गीतं, काकांनी 1 ते 56 क्रमांकांनी ठेवलेली. स्पीकर मात्र नावं अक्षरांच्या क्रमानं लावतो. एकनंतर दहा, अकरा, बारा. कुश-लवांचं गाणं संपलं आणि विश्वामित्र रामाला मिथिलेला घेऊन निघाले, पाठोपाठ सीतास्वयंवर. रामजन्माचं सहावं गीत या हिशेबानं 53व्या जागी गेलं. "हे ऐकवणार नाही मला," काकू म्हणाल्या. पहिल्या नऊ गीतांच्या आकड्यांआधी काकांनी एकेक शून्य घातलं. मग प्लेलिस्ट नोटपॅडमध्ये उघडून त्यांतले जुने पत्ते बदलले.

कॅसेटची सूची वर्डमध्ये होती, शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली. लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून पानंच्या पानं रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसत होती. कोणत्या रात्री कोण गायलं, तबल्याला कोण, पेटीवर कोण, हे सगळं त्या सूचीत. फॉन्ट सोबत नेला, पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. जुनी सूची समोर ठेवून ते ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करत होते. बोटं हळू चालत होती. मी मदतीला बसू का विचारलं तर म्हणाले, "नको. टाइप करताना मला ती रात्र आठवते." गाणी यंत्रानं रात्रीत हलवली, पण ती कोणाची, कुठली आणि कधीची हे हलवायला त्यांना कितीतरी दिवस लागणार होते. संग्रह म्हणतात तो मला त्या सूचीतच दिसला.

राहिली सतरावी. उरुसातला बागेश्री, कॅसेटची एक पूर्ण बाजू. कॉपी दर वेळी एकाच जागी अडकायची आणि जुनी डिस्क खटखट करायची. झाकणी उघडीच होती आणि तो धुळीचा वास पुन्हा येऊ लागला होता. काकांनी यंत्र बंद करून गार होऊ दिलं. मग खराब भाग सोडून बाकीचं उचलणारं सॉफ्टवेअर लावलं. एमपी3मध्ये आवाज साधारण 26 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत साठवलेला असतो. मधले काही तुकडे गेले तरी पुढचं वाजतं. तसंच झालं. 38व्या मिनिटाला आवाज तुटला, आणि पुन्हा जोडला गेला तेव्हा गायक समेवर येऊन गेले होते, मागे लोकांची दाद ऐकू येत होती. काकांनी ते तीनदा ऐकलं. मग सूचीत त्या नावापुढे लिहिलं, "38 मिनिटांवर खंड, तान गेली."

जुनी डिस्क त्यांनी स्क्रू काढून वेगळी केली. ती विमानात हातातल्या बॅगेत जाणार. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक मिरजेला पोचल्यावर भाच्याकडे. "डिस्क कधीतरी जातेच, सगळ्या एका घरात ठेवायच्या नाहीत," ते म्हणाले, आणि माझ्या कंप्यूटरवर 236 जीबी जागा आहे का ते त्यांनी विचारलं.