खपली: टरफलात राहिलेला गहू

सांगली-कोल्हापूरकडच्या जत्रेत पंगतीला गव्हाची खीर करायची, तर गहू खपलीच हवा, असा तिकडचा आग्रह असतो. गूळ घालून कितीही शिजवली तरी त्याचा दाणा विरघळून जात नाही. सीमेपलीकडे बेळगाव-विजापूरकडे हीच खीर ‘हुग्गी’ होते. महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक आणि सौराष्ट्र या पट्ट्यांत, शिवाय तमिळनाडूत थोड्या प्रमाणात, टिकून राहिलेला हा गहू माणसाने लागवडीखाली आणलेल्या अगदी पहिल्या पिकांपैकी एक आहे. त्याचं शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकोकम. जगात तो ‘एमर’ म्हणून ओळखला जातो.

आइनकॉर्न या गव्हात १४ गुणसूत्रं असतात, खपली आणि बन्सी (ड्युरम) गव्हात २८, तर रोजच्या पोळीच्या गव्हात ४२. काही लाख वर्षांपूर्वी पश्चिम आशियात एक रानगहू आणि त्याच्या नात्यातलं एक गवत यांचा आपोआप संकर झाला आणि २८ गुणसूत्रांचा रानटी एमर जन्मला. त्याची ओंबी पिकली की तुटून विखुरते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी त्या प्रदेशातल्या माणसांनी, न विखुरणाऱ्या ओंब्या निवडत निवडत, त्याला शेतात आणलं. पुढे याच लागवडीच्या एमरच्या कुळाचा आणखी एका गवताशी संकर होऊन पोळीचा गहू तयार झाला. प्राचीन इजिप्तमध्ये भाकरीसाठी आणि बिअरसाठीही एमर वापरत. शास्त्रज्ञांना मात्र रानात उगवणारा एमर सापडायला १९०६ साल उजाडलं; कृषिशास्त्रज्ञ आरोन आरोनसोन यांना तो गॅलिलीत रोश पिना इथे दिसला.

खपलीची ओळख तिच्या टरफलात आहे. मळणी केली की साधा गहू मोकळा होतो. खपलीची फक्त ओंबी तुटते आणि बहुधा दोन-दोन दाणे टरफलात घट्ट बसलेले तुकडे हाती येतात. दाणा सोडवायला पूर्वी उखळ-मुसळ लागे, आता गिरणी लागते. साठवणीत हेच टरफल दाण्याला किडीपासून बरंच संरक्षण देतं.

या गव्हाने जगावर केलेले उपकार मात्र महाराष्ट्रात फारसे कुणी सांगत नाही. गव्हाचा जुना वैरी म्हणजे खोडावरचा काळा तांबेरा. अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी १२ गव्हांचा संच ठरवला. त्यात ‘खपली’ याच नावाने एक वाण होता. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा ‘स्टाइनवेडेल’ या गव्हाशी संकर करून ‘खपस्टाइन’ काढला आणि तिची रोगप्रतिकारशक्ती पोळीच्या गव्हात उतरवली. तिच्यातलं एसआर-१३ हे जनुक पुढे फार मोलाचं ठरलं. १९९८ साली युगांडात आढळलेल्या आणि ‘यूजी ९९’ म्हणून जगाला धास्तावणाऱ्या तांबेऱ्यालाही ते रोखू शकतं.

इतकी गुणाची खपली मागे पडली ती उंचीमुळे. १९६०च्या दशकात मेक्सिकोतले बुटके गहू आले. खत-पाणी वाढवलं की ते भरघोस पिकत, तर खपली लोळे. ‘एनपी २००’सारखे जुने वाण उंचच होते. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ‘डीडीके’ मालिकेतले वाण आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस २९७१’ हा बुटका वाण दिल्यावर ही अडचण बरीचशी सुटली. पेरणी नोव्हेंबरात, काढणी मार्चच्या सुमारास. उष्णता आणि तांबेरा खपली चांगलं सोसते. प्रश्न उरतो तो मळणीनंतरचा: टरफल काढल्यावर वजन घटतं आणि सडणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी बसतो.

शहरांत आज खपली मधुमेहाचा उपाय म्हणून महाग विकली जाते. तिच्यात प्रथिनं आणि तंतू चांगले आहेत, स्टार्च पोळीच्या गव्हापेक्षा सावकाश पचतो असं दाखवणारे अभ्यासही आहेत. पण खपली म्हणजे औषध नव्हे, आणि ती ग्लुटेनमुक्त तर नाहीच. सीलिअॅक रोग असणाऱ्याने तिच्यापासून लांबच राहावं. पाकिटावरचे असले दावे या पिकाचं भलं करत नाहीत. गिऱ्हाईक एकदा फसलं की खरं पीकही त्याच्या नजरेतून उतरतं.

इटलीच्या गार्फान्याना खोऱ्यातल्या एमरला, तिथल्या ‘फार्रो’ला, १९९६ साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनाचं संरक्षण मिळालं. कृष्णाकाठच्या खपलीलाही तसा नावलौकिक मिळायला हरकत नाही. त्याआधी गावोगावी लहान सडणी-यंत्रं हवीत, म्हणजे दाणा शेतकऱ्याच्याच हाती राहील. तोवर खिरीसाठी, शेवयांसाठी, कुरडयांसाठी खपली घेणाऱ्यांनी ती शक्यतो पिकवणाऱ्याकडूनच घ्यावी आणि वाण कोणता, हेही विचारून घ्यावं.