उतारूंच्या बोटी लढाईत

1893 साली निप्पॉन युसेन कायशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई–जपान बोटसेवा सुरू केली. हेतू रोकडा होता : कापसाच्या वाहतुकीतली पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची मक्तेदारी मोडायची. मुंबईजवळच्या मोरा बंदरासमोरच्या पाण्यातून मग जपानी बोटींची ये-जा वाढली.

पुढे अर्ध्या शतकात त्याच कंपनीच्या तीन आलिशान उतारू बोटींची विमानवाहू जहाजं झाली. त्या बांधायला सरकारने पैसा दिला होता, तोच मुळी युद्धात हाताशी याव्यात म्हणून. ‘कासुगा मारू’ने तर एकही उतारू नेला नाही, बांधून होतानाच तिच्यावर धावपट्टी चढली आणि ती ‘तायो’ झाली. ‘निता मारू’ची ‘चुयो’ झाली. विमान फेकणारं यंत्र नसल्याने या बोटी बहुतेक वेळ प्रशांत महासागरातल्या ट्रुक बेटाकडे विमानं पोचवण्याची हमालीच करत राहिल्या. डिसेंबर 1943 मध्ये ‘सेलफिश’ या अमेरिकन पाणबुडीने ‘चुयो’ बुडवली, तेव्हा तिच्यावर ‘स्कल्पिन’ या अमेरिकन पाणबुडीचे 21 कैदी होते. त्यातला एकच वाचला. तीनही बोटी 1944 संपायच्या आत तळाला गेल्या होत्या.

आपल्याकडे असं आगाऊ नियोजन कुठलं! किनाऱ्यावरच्या छोट्या बोटी रॉयल इंडियन नेव्हीने ताब्यात घेतल्या, तोफ बसवली, गस्तीला धाडल्या. त्यांतली ‘पार्वती’ 1941 मध्ये तांबड्या समुद्रात सुरुंगावर गेली. ‘प्रभावती’चं दैव त्याहून विचित्र. जपान नुकताच युद्धात उतरला होता. डिसेंबर 1941 मधल्या एका रात्री ती मालाचे पडाव ओढत कोचीनहून कराचीला निघाली होती. अंधारात बोट आणि पडाव मिळून जो आकार दिसला, तो ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरला जपानी पाणबुडीचा वाटला. तोफा सुटल्या आणि ‘प्रभावती’ बुडाली. जपान्यांनी या बोटीला बोटही लावलं नव्हतं.

आपल्या किनाऱ्यावर बुडालेली बोट म्हटलं की ‘रामदास’च आठवते, 17 जुलै 1947, गटारीची अमावास्या, सहाशेहून अधिक बळी. ते साहजिकच आहे, घरोघरची माणसं गेली होती. पण ‘प्रभावती’ नौदलाच्या इतिहासातल्या चार ओळींपुरतीच उरावी, हे काही पटत नाही.