पावाच्या पोटातलं पुरण

डोरेमॉनचा लाडका डोराकेक आपल्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. जपानात त्याला डोरायाकी म्हणतात: दोन मऊ गोल चकत्या आणि मधे अंको. अंको म्हणजे अझुकी या बारीक लाल कडधान्याचं पुरणच. दाणे उकळायचे, पहिलं तुरट पाणी ओतून द्यायचं, पुन्हा शिजवून बोटांत चुरडतील इतके मऊ झाले की साखर आणि चिमूटभर मीठ घालून आटवायचे. सालं गाळून काढली तर मुलायम, ठेवली तर भरड. वेलची-जायफळ काही नाही, त्यामुळे आपल्या जिभेला पहिला घास जरा मुका वाटतो.

डोरायाकीचं हे दोन चकत्यांचं रूप फार जुनं नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. जपानी मिठाईत प्राचीन म्हणून मिरवणारं बरंच काही असंच अलीकडचं निघतं. 1868 च्या सत्तांतरानंतरच्या शंभरेक वर्षांत जपानने पाश्चात्त्य गोडधोड घरात घेतलं, पण त्यासाठी अंकोला घराबाहेर काढलं नाही.

त्याआधी साखर ही बड्यांची चैन होती. लुईश फ्रोइश हा पोर्तुगीज जेझुइट गोव्यात शिकून 1563 साली जपानात पोहोचला. 1569 मध्ये क्योतोत ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराची भेट झाली तेव्हा त्याने काचेच्या बाटलीतून कोन्पेइतो, म्हणजे साखरेचे काटेरी दाणे, नजर केले. कास्तेला हा अंड्यांचा केकही पोर्तुगीजांचाच. पुढे देशाची दारं बंद झाली तरी नागासाकीला डच आणि चिनी जहाजांतून साखर येतच राहिली. अठराव्या शतकात शोगुन योशिमुनेने उसाच्या लागवडीला उत्तेजन दिलं आणि कालांतराने शिकोकू बेटावर वासान्बोन ही पिठासारखी बारीक साखर होऊ लागली. क्योतोच्या चहाविधीतली नाजूक, ऋतूगणिक रूप बदलणारी मिठाई याच साखरेवर पोसली. ती सुंदर असते यात शंका नाही, पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या काळाची, मिठाई रस्त्यावर आली त्याची.

1869 साली सम्राटाचं बिऱ्हाड क्योतोहून तोक्योला हललं आणि पाठोपाठ तोराया हे राजघराण्याचं मिठाईचं दुकानही. त्याच वर्षी किमुरा यासुबेई या सामुराई कुळातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तोक्योत पावाचं दुकान थाटलं. ते वर्षाच्या आतच आगीत गेलं. त्याने पुन्हा उभं केलं, पण लोकांना तो कोरडा परदेशी पाव घशाखाली उतरेना. त्यात यीस्टची वानवा. मग किमुराने भात आणि कोजी ही बुरशी यांचं, साकेवाले वापरतात तसलं आंबवण घेतलं, पीठ त्यावर फुगवलं आणि आत अंको भरलं. हा 1874 चा आनपान. 4 एप्रिल 1875 रोजी तो मेइजी सम्राटापुढे ठेवला गेला, वर बेंबीसारख्या खळग्यात खारवलेलं चेरीचं फूल दाबून. राजाने खाल्लं म्हटल्यावर प्रजेला आणखी काय हवं! गिन्झातलं किमुराया अजून आनपान विकतं.

मग पावात काय काय भरावं याला धरबंद राहिला नाही. 1900 मध्ये जॅम आला, 1904 मध्ये नाकामुराया या दुकानाने क्रीमपान काढला. हे नाव आपण लक्षात ठेवायला हवं. 1915 साली ब्रिटिशांच्या दबावामुळे जपान सोडण्याचा हुकूम निघाला तेव्हा भारतीय क्रांतिकारक रासबिहारी बोस याच दुकानाच्या मागच्या बाजूला लपले होते. पुढे त्यांनी मालकांच्या मुलीशी लग्न केलं.

कार्ल युखहाइमची गोष्ट मात्र आनंदाची नाही. चीनमधल्या चिंगदाओत केक करणारा हा जर्मन पहिल्या महायुद्धात जपान्यांच्या हाती लागला आणि हिरोशिमाजवळच्या निनोशिमा बेटावर कैदेत राहिला. मार्च 1919 मध्ये कैद्यांच्या मालाचं प्रदर्शन भरलं, तिथे त्याने बाउमकुखेन मांडला. आडवा दांडा आगीवर फिरवत ठेवायचा, त्यावर घोळ ओतायचा, थर खरपूस झाला की पुढचा. कापल्यावर झाडाच्या खोडाची वर्तुळं दिसतात. सुटकेनंतर त्याने योकोहामात दुकान काढलं, ते 1923 च्या भूकंपात गेलं. कोबेत नवं उभारलं, तेही युद्धात हातचं गेलं. 14 ऑगस्ट 1945 ला, शरणागती जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, तो वारला. ज्या इमारतीत ते प्रदर्शन भरलं होतं, तिचा सांगाडा आज अणुबॉम्बचा घुमट म्हणून जग पाहायला जातं. बाउमकुखेन मात्र जपानी लग्नांत पाहुण्यांना देतात, वर्तुळांसारखी वर्षं वाढत जावीत म्हणून.

युद्धाने मिठाईवाल्यांचे हालच केले. 1940 साली साखर रेशनवर आली. साखरेवरचं नियंत्रण उठायला 1952 उजाडलं.

त्यानंतर मात्र व्यापाऱ्यांचं राज्य आलं. चॉकलेटवाल्यांनी व्हॅलेंटाइन डे रुजवला, त्यात बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायचं ठरलं. 1980 पासून पुरुषांनी परतफेड करायचा 14 मार्चचा 'व्हाइट डे' मिठाई धंद्याने स्वतःच निर्माण केला. एकाच सणाची दोनदा विक्री करणाऱ्यांचं कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, मला ठरवता येत नाही. 1981 मध्ये मोचीच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या लगद्याच्या, पातळ आवरणातलं आइस्क्रीम बाजारात आलं.

त्याच दशकातला इचिगो दाइफुकु माझ्या लेखी सगळ्यांत चलाख. मोचीच्या आत अंको आणि अंकोच्या आत अख्खी ताजी स्ट्रॉबेरी. तिचा आंबट रस अंकोचं जडपण मोडतो. फळाला पाणी सुटतं म्हणून तो त्याच दिवशी संपवावा लागतो, त्यामुळे दुकानातून रोज ताजा नेणं आलं. पहिला कुणी केला यावर अनेक दुकानं आपापला दावा सांगतात, आणि माघार घ्यायला एकही तयार नाही.